अडीचवरचा आवाज

‘सामान मोजून घ्या, माणसं मोजून घ्या, मग बसा.’

हा आवाज वरून यायचा. बसस्थानकाच्या उंच छताखाली, मोठ्या घड्याळासमोरच्या बाकावर मी पाय हलवत बसलेली असायचे, सहा-सात वर्षांची, शाळा सुटल्यावर आईची कामाची पाळी संपायची वाट बघत. आई दिसत नसे, नुसती ऐकू येई. काचेच्या खोलीत बसून ती गाड्या सांगायची, फलाट सांगायची, वेळ सांगायची, आणि शेवटी हे एक वाक्य आपल्या पदरचं जोडायची. लोक खरंच मोजायचे. एखादे आजोबा बोट नाचवत नातवंडं मोजायचे आणि एक जास्तच भरलं म्हणून गोंधळायचे. मला वाटायचं, माझी आई अख्ख्या गावाला कडेवर घेऊन बसलीय.

सकाळी माईक चालू झाला की बाकीचे निवेदक ‘हॅलो, हॅलो, एक दोन तीन’ करायचे. आई ओवी म्हणायची. स्वतः जुळवलेली.

दूरच्या गाडीला, धुळीचा गं शेला,
कोण उतरला, ओळखीचा.

स्थानकामागच्या कारखान्यात बसच्या सीटा शिवणारा एक तरुण ही ओवी रोज ऐकायचा, आणि तो ओळखीचा म्हणजे आपणच, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. ते माझे बाबा.

मी आठवीत असताना स्थानकाचा हॉल नव्याने सजवला, आणि वर्षाच्या आत आईचा आवाज गेला. घशातून नाही, माईकवरून गेला. तक्रारवहीत कुणीतरी लिहिलं, ‘निवेदिका बाई तोंडातल्या तोंडात बोलतात.’ मग दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने लिहिलं. साहेबांनी कर्ण्यांचा आवाज वाढवायला लावला, तर तक्रारीही वाढल्या. एका कुटुंबाची गाडी चुकली, आणि आईला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवण्यात आलं. छत्र्या, डबे, एकेकटे बूट यांच्या सोबतीने तिने नोकरीची उरलेली वर्षं काढली. तेव्हापासून घरात तिला एक सवय जडली. ती काही बोलली आणि समोरच्याने ‘काय?’ म्हटलं, की ती म्हणायची, ‘काही नाही.’ ते वाक्य मग पुन्हा उजेडात येत नसे.

परवाच्या रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. “ये लगेच. आणि येताना कान घेऊन ये.”

“घरीच ठेवून येणार होते, बाबा.”

“थट्टा नको. तुझी आई चार वाजता मावशीकडून परत येतेय. त्याच्या आत मला ती नीट ऐकू यायला हवी.”

“ती यायच्या आत ती ऐकू यायला हवी?”

“ये म्हणजे कळेल,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

माझे कान मागण्याचं कारण माझा धंदा. मी न्यायालयातल्या साक्षींच्या ध्वनिफिती ऐकून टाइप करते. जे कळत नाही तिथे ‘अस्पष्ट’ असं टाइप करायचं आणि पुढे जायचं. बाबांच्या लेखी त्यामुळे मी आवाजाची डॉक्टरीण.

जिन्यातच गडगडाट ऐकू आला. पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर दार उघडून उभे होते. दवाखाना बंद करून त्यांना चार वर्षं झाली, पण चेहरा अजून ‘आ करा’ म्हणणाराच.

“वडिलांचे कान तपासून घ्या एकदा,” ते म्हणाले. “सकाळपासून माझ्या कपाटातल्या कवळ्या गप्पा मारतायत.”

वर गेले. माझी जुनी खोली बाबांनी आठवडाभरात ओळखू येणार नाही अशी करून टाकली होती. चारही भिंतींना गाद्यांचे चौकोन, दोन-दोन इंच जाड फोमचे, वरून तपकिरी रेक्झिन, मध्ये बटणं टोचून पाडलेल्या खळ्या. दोन कोपऱ्यांत दोन मोठे जुने स्पीकर. समोरच्या भिंतीला टेकून आईची खुर्ची. कपाळावर चष्मा चढवून बाबा मधोमध उभे, नव्या घरात पाहुणे आल्यासारखे हात पसरून.

“कशी झालीय?”

“बसमध्ये चढल्यासारखं वाटतंय. तिकीट कुणाकडे काढायचं?”

“हस. पण शिलाई बघ.”

शिलाई नंबर एक होती. बाबांच्या हातची शिलाई कधी वाकडी गेलेली मी पाहिली नाही.

मग त्यांनी ते काढून दाखवलं. एक कॅसेट. स्थानकाचं जुनं भांडारघर रिकामं करताना त्यांच्या मेकॅनिक मित्राला सापडलेली. वर आईचं वळणदार अक्षर: ‘चाचणी, काचेची खोली.’ हॉल सजवण्याच्या आधीची.

“तिला ऐकवायचीय,” बाबा म्हणाले. एकदम हळू बोलले. “ती तोंडातल्या तोंडात बोलत नव्हती, हे तिला तिच्याच कानांनी कळलं पाहिजे. बहात्तरची झाली. आणखी किती वर्षं ‘काही नाही’ म्हणत बसणार?”

“मग अडलंय कुठे?”

“हे ऐक.”

त्यांनी कळ दाबली. स्पीकरचं बटण आठवर होतं, दहापैकी. खोलीत ढग फुटला. आवाज आईचाच होता, त्याचा चढ-उतार ओळखू येत होता, पण शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते, गाडी आल्यावर दाराशी प्रवासी पडतात तसे. बाबांनी बटण नऊवर नेलं. ढग मोठा झाला. खालून झाडूच्या दांड्याचे तीन ठोके आले.

“आठवडाभर हेच,” बाबा ओरडून म्हणाले. “जितकं वाढवतो तितकं कमी कळतं! हिने हे असं ऐकलं तर संपलंच की. तिला वाटेल, वहीत लिहिलं होतं ते खरंच होतं.”

साडेअकरा वाजले होते.

पहिलं काम माझ्या धंद्यातलं. हेडफोन जोडला, डोळे मिटले. आणि अहाहा! तीस वर्षांपूर्वीची आई, स्वच्छ, ओठ मिटल्याचासुद्धा आवाज येईल इतकी जवळ. प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा, प्रत्येक ‘त’ खडा फेकल्यासारखा. अख्ख्या फितीत ‘अस्पष्ट’ टाइप करायला एक जागा नव्हती.

“बाबा! टेप निर्दोष आहे! आरोपी खोली आहे!”

“खोली? अगं, दोन इंच फोम आहे सगळीकडे! आवाज खायला फोमसारखी वस्तू नाही!”

मी मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. टाळीमागून तिची प्रतिध्वनीची पोरं धावली, ट्रर्र करत, या भिंतीवरून त्या भिंतीवर. बाबांनी मान वळवून त्यांचा माग काढला. मग स्वतः वाजवली. मग मी, मग ते. सत्तरीतला बाप आणि चाळिशी ओलांडलेली लेक, भजनाशिवाय टाळ्या वाजवत घरभर फिरत होतो. स्वयंपाकघरात टाळी खणखणली. बैठकीच्या खोलीत जरा मऊ. आणि आई-बाबांच्या झोपायच्या खोलीत, जिथे पडदे, चादरी, रजया, कपड्यांनी ओसंडणारी दोरी, तिथे टाळी वाजली आणि जागीच विझली.

“इथे कुठे फोम आहे?” बाबा पुटपुटले.

परत येऊन मी भिंतीवरच्या चौकोनाला बोटाने टकटक केलं. “फोम आहे बाबा, पण तो आत आहे. आवाजाला त्याच्यापर्यंत पोचू तर द्या. याच्यातून फुंकर मारून बघा.”

“फुंकर?”

“श्वास पार गेला तर आवाज पार जाईल. नाहीतर तो आल्या पावली परत फिरेल.”

त्यांनी उरलेल्या रेक्झिनचा तुकडा तोंडाला लावला आणि फुंकलं. गाल फुगले, कान लाल झाले, रेक्झिन ढिम्म. मग खिशातला रुमाल लावून फुंकलं, पलीकडे मी तळहात धरला होता. ऊब लागली.

बाबा तो तुकडा हातात धरून बघत राहिले. “पन्नास वर्षं रेक्झिन शिवलं,” ते म्हणाले. “पाणी आत जाऊ नये, घाम आत जाऊ नये, धूळ जाऊ नये. आवाजही जाणार नाही, हे कधी मनातच आलं नाही.” आणि मग एकदम कंबर कसली. “किती वाजले? पावणेबारा. उसव!”

काय तो दुपारचा धडाका! चिमट्याने पिना उपटल्या, बटणं टपाटप जमिनीवर पडली, तपकिरी सालं निघाली. सोललेल्या फळांसारखे फोमचे चौकोन खोलीभर पसरले. आता वरून लावायला सुती कापड हवं. सगळी दुकानं रविवारी बंद. बाबांनी कपाट उघडलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कपाटाकडे बघितलं.

“आईच्या नव्या चादरी आहेत त्या,” मी म्हणाले. “घडीसुद्धा मोडलेली नाही.”

“फुंकर मारून बघ.”

ऊब पार गेली.

“मग आता जे व्हायचं ते होईल,” बाबा म्हणाले आणि कात्री चालवली.

एवढ्यात दारात दाताचे डॉक्टर. भांडायला आले होते, पण खोलीचा अवतार बघून विसरले. “शस्त्रक्रिया चाललीय?”

“डॉक्टर, तुम्ही अगदी वेळेवर आलात,” मी म्हणाले. “आम्हाला एक कोरा कान हवाय. बाबांना टेप पाठ आहे, त्यांना सगळं कळल्यासारखंच वाटतं. तुम्ही काहीच ऐकलेलं नाही. ऐका आणि लिहा.”

“मी सकाळपासून ऐकतोच आहे.”

“कळलं का काही?”

“एक अक्षर नाही.”

“हेच पाहिजे!”

ते खाली गेले आणि जुन्या औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड घेऊन आले. शिवाय मागून ओढत आणलेला लोकरीचा जाड गालिचा, त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला. “यावर बसून लोकांनी किती कण्हून घेतलंय,” ते म्हणाले, “पण आतल्या पेशंटला कधी ऐकू गेलं नाही. कामाचा असावा.”

दोन वाजता पहिली परीक्षा. चौकोन सुती कापडात, गालिचा फरशीवर, बटण जुन्याच जागी आठवर. कळ दाबली आणि आम्ही तिघेही दचकून मागे सरलो. केवढा तो आवाज! सकाळपर्यंत बाबांना हाच कमी पडत होता. डॉक्टर कान झाकून ओरडले, “अर्धा करा!”

चारवर आणला. डॉक्टरांनी लिहिलेलं पाहिलं: ‘गाडी’, मग रेघ, ‘फलाट’, मग रेघ, ‘मग बसा.’

“रेघा कशाच्या?”

“तिथे कुणीतरी रांजणात बोलतंय.”

रांजण म्हणजे कोपरे. स्पीकर कोपऱ्यात कोंबले की खालचा जाड सूर दोन्ही भिंती मिळून फुगवतात. आम्ही तिघांनी मिळून ती धुडं भिंतीपासून तीन-तीन वीत पुढे ओढलं. डॉक्टरांची पाठ कटकन वाजली आणि ते म्हणाले, “हाही आवाज नोंदवा.” पुन्हा ऐकलं. रांजण फुटला होता. मग माझ्या लक्षात आलं, आईची खुर्ची अजून मागच्या भिंतीला टेकून आहे, म्हणजे तिच्या कानाला आधी आई आणि लगेच मागून भिंत ऐकू येणार. खुर्ची पुढे घेतली, स्पीकरांच्या जवळ, तिघांचा त्रिकोण होईल अशी.

बाबांचा हात सवयीने बटण वाढवायला गेला.

“बाबा, वाढवलं की खोलीही तेवढीच वाढते. आता जवळ बसलोय ना? जवळच्या माणसाशी कुणी ओरडून बोलतं का? कमी करा.”

त्यांनी कमी केलं. साडेतीन. तीन. जसजसं बटण खाली येत गेलं, तसतसे शब्द वर येत गेले, पाणी ओसरल्यावर नदीतले दगड दिसायला लागतात तसे, एक एक, स्वच्छ, आपापल्या जागी. डॉक्टर लिहीत सुटले. चिठ्ठी संपली, दुसरी घेतली. शेवटी पॅड माझ्यापुढे धरलं. एकही रेघ नव्हती. तळाशी त्यांच्या डॉक्टरी अक्षरात होतं: ‘सामान मोजून घ्या, माणसं मोजून घ्या, मग बसा.’

“बाई कोण या?” डॉक्टरांनी विचारलं. “किती स्पष्ट बोलतात!”

मी नाचले. खरंच नाचले, पायाखाली त्यांचाच लोकरीचा गालिचा. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले आणि एकाही टाळीला पोर झालं नाही. पण बाबा कुठे होते? ते खाली बसले होते, उसवलेल्या रेक्झिनच्या ढिगाशी. एक पट्टी हातावरून फिरवत होते.

“काय झालं बाबा?”

“एकशे बारा,” ते म्हणाले.

“काय एकशे बारा?”

“हॉलमधली बाकं. आधी त्यांच्यावर जाड सुती कापड होतं, आत काथ्या. मळायचं, फाटायचं. हॉल सजवला तेव्हा सगळी मी नव्याने मढवली. रेक्झिनमध्ये. माझं पहिलं मोठं काम. मीच साहेबांना म्हणालो होतो, कापड काढून टाका, हे पुसलं की झालं.”

डॉक्टर पॅड खिशात घालून हळूच खाली निघून गेले.

“ती बोलायची तशीच बोलत होती,” बाबा म्हणाले. “मी तिच्याखालून मऊ जागा काढून घेतली. आणि वर तीस वर्षं तिलाच म्हणतोय, अगं, जरा मोठ्याने बोल.”

“बाबा...”

“तू सांगू नकोस. मी सांगतो. आज सांगतो.”

चारला पाच कमी असताना दारावर आईची थाप पडली. तिने पिशवी ठेवली, चपला काढल्या, खोलीच्या दारात आली आणि थबकली.

“या माझ्या नव्या चादरी.”

“हो,” बाबा म्हणाले.

“भिंतीवर.”

“हो.”

“बरं,” आई म्हणाली. “भिंतीला थंडी वाजत असेल.”

बाबांनी तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. काही न सांगता कळ दाबली. आधी नुसती सरसर, मग माईकवर बोट टेकवल्याचा टप असा आवाज, आणि मग:

दूरच्या गाडीला, धुळीचा गं शेला...

आईने खुर्चीचे हात घट्ट पकडले. ती हलली नाही. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, मी बाबांच्या. ओवी संपली, सकाळची पहिली गाडी लागली, फलाट चार.

“किती वर ठेवलाय?” आईने विचारलं.

“तीनवर,” मी म्हणाले.

“अडीच करा.”

बाबांनी अडीच केलं. आणि काय सांगू! तीनवर ती टेपमधली बाई होती. अडीचवर ती खोलीत आली. समोर दोन हातांवर बसून बोलावी एवढीच, ना जास्त ना कमी, डोळे मिटले तर कुठली आई खुर्चीत आहे आणि कुठली समोर, ते सांगता येऊ नये.

“तिथेही मी हेच सांगायचे,” आई म्हणाली. “त्या यंत्रावरच्या पोराला. बाबा रे, कमी कर, कमी कर. साहेब म्हणायचे वाढव.”

टेप संपली. खटका पडला. बाबा तिच्यापुढे खाली गालिच्यावर बसले. हातात अजून ती तपकिरी पट्टी होती.

“अगं,” ते म्हणाले. “ती हॉलमधली बाकं...”

पुढचं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले. बटण फिरवून वाढवता येण्यासारखं नव्हतं ते.

“काय?” आईने विचारलं.

“काही नाही,” बाबा म्हणाले.

आई हसली. त्यांच्या हातातली पट्टी तिने काढून घेतली, मांडीवर सरळ केली, शिलाईवरून बोट फिरवलं.

“‘काही नाही’ माझं आहे. ते मला परत द्या,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

या वेळी तिने वाक्य गिळलं नाही. तोच आवाज, अडीचवरचा, शब्दाला शब्द न चिकटवता.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी मला हॉलमध्ये नेलंत, पहिल्या बाकावर बसवलंत आणि विचारलंत, कशी झालीत? तुमच्या बोटांना सुया टोचलेल्या होत्या. मी म्हणाले, छान. मग काचेच्या खोलीत जाऊन ओवी म्हटली, आणि ती माझ्याकडे सगळीकडून परत आली. साहेबांना सांगितलं असतं, तर त्यांनी तुम्हाला ती एकशे बारा बाकं उसवायला लावली असती. खिडकीवर काही वाईट गेलं नाही हो माझं. छत्र्या ऐकून घेतात. आणि छान म्हणाले ते खोटं नव्हतं, बाकं छानच झाली होती. फक्त एवढंच बोलायचं ठेवलं होतं, की तुमच्या बाकांवरून माझा आवाज घसरतो.”